नवीन रंग की जुनाच जीन?
एकाने विचारलंय की दोन साध्या कॉर्न स्नेकच्या (पाळला जाणारा साप) अंड्यांतून एक राखाडी पिल्लू निघालं, लाल रंगाचा पत्ताच नाही, तर हा नवीन मॉर्फ, म्हणजे रंगाचा नवा प्रकार, धरायचा का. घाई नको हो! आधी मोठं होऊ द्या, मादी असेल तर तीनेक वर्षं तरी, आणि मग ॲनेरीशी (लाल रंग नसलेला जुना, ओळखीचा राखाडी मॉर्फ) जोडी लावा. सगळी पिल्लं राखाडी आली तर जुनाच जीन, विषय संपला. सगळी नॉर्मल, म्हणजे साध्या रंगाची, आली तर मात्र मजा आहे, चारकोल हा मॉर्फ असाच वेगळा ठरला, दिसायला ॲनेरीसारखाच पण दोघांच्या क्रॉसमधून पिल्लं नॉर्मल. आता मग चारकोलशी पण टेस्ट आलीच म्हणा.

जीन रेसेसिव्ह असेल (म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) तर नॉर्मलशी जोडी लावून पहिल्या पिढीत काहीच दिसत नाही, सगळी हेट (जीन एकाच बाजूने आलेली, तो लपलेला), त्यांची आपसात लावली की सरासरी चारात एक. स्नो या पांढरट मॉर्फसारखे दोन रेसेसिव्ह एकत्र हवेत तर १६ मध्ये एक, अंडी एका खेपेला साधारण पंधरा-वीस, उरलेली पिल्लं कोण सांभाळणार ते आधीच ठरवा. आणि भावंडांची जोडी लावताना जपून, सनकिस्ड या मॉर्फच्या लाईनमध्ये स्टारगेझर म्हणून मेंदूचा दोष असाच लपून आला, डोकं वर जातं, तोल राहत नाही, तोही रेसेसिव्हच.