आमची रोजची भाकर: बेताच्या कमाईत समाधानाने राहिलेल्यांनी लिहा

धागाकर्ती (नगर)

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायची, सवय आपल्याला असतेच. "गुडघे टेकले आणि दुसऱ्याच दिवशी मनीऑर्डर आली" अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. पण मनीऑर्डर आलीच नाही तेव्हा घर कसं चाललं आणि तरी मन ताळ्यावर कसं राहिलं, हे कुणी फारसं सांगत नाही. ते लिहा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, महिन्याचा किराणा नाही. मग वीस तारखेनंतर तुमच्याकडे काय होतं? वचनं घाला, प्रवचन नको.

भिंगारकर

वडील वायरमन होते. पगाराच्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली निघायचा. त्यात जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं. पहिलं दशमांशाचं, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा हिस्सा, मग किराणा, दूध, आमची फी, आजीचं औषध. शेवटच्यावर आईनं पेन्सिलीनं 'आला-गेला' लिहिलं होतं. दशमांशातून उसने घ्यायचे नाहीत हा घरचा एक कायदा, आणि आला-गेलाचा हिशेब आईला विचारायचा नाही हा दुसरा.

दहावीत असताना मी वडिलांशी वाद घातला होता, की आधी आमची फी भरा, मग देवाचं बघा. ते म्हणाले, "आधी काढलं की उरलेल्यात भागवता येतं. शेवटी काढू म्हटलं तर शेवट कधी येतच नाही." बायबलातल्या मलाखीत दशमांश देणाऱ्यासाठी लिहिलंय म्हणून आकाशकपाटे उघडायची वाट आमच्या घरात कुणी बघत बसलं नाही. पण नव्वद रुपयांत शंभराचं घर चालवायची सवय लागली, ती आज क्रेडिट कार्डाच्या जमान्यात फार उपयोगी पडतेय.

वाडीतली सून (वसई)

आमच्याकडे गरिबी अशी नव्हती, पण हातात रोकड कधीच नसायची. केळीची वाडी, थोडी फुलं, थोडी भाजी. सासूबाई पहाटेच्या गाडीनं मुंबईला माल घेऊन जायच्या. विरारकडच्या गाड्यांची गर्दी काय असते ते माहीत असलेल्यांना डोक्यावर पाटी म्हणजे काय ते सांगायला नको.

मग जमिनीचे भाव चढले. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून गेल्या, बावखलं, म्हणजे वाडीतली पाण्याची तळी, बुजली, टॉवर उभे राहिले. दीर वेगळे झाले आणि त्यांनी आपला हिस्सा विकला. त्यांना मी नावं ठेवणार नाही. दोन मुलींची शिक्षणं त्यातूनच झाली. आमच्या दारातही दलाल येऊन बसायचा. एकदा तर त्यानं वहीच्या पानावर आकडा लिहून पान मिस्टरांच्या पुढ्यात सरकवलं. मिस्टरांनी चष्मा लावून नीट वाचलं, पान घडी करून परत दिलं आणि म्हणाले, "चहा घ्या."

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं, हेही लिहिते. छपराचे वासे बदलायला झाले होते आणि हे चहा पाजत होते. रोझरी, म्हणजे रात्रीची जपमाळ, झाली, पण गुपित मनात न धरता सांगायचं तर मी 'प्रणाम मरिया' म्हणताना वास्यांचीच मोजदाद करत होते. नंतर ते म्हणाले, "त्या पैशाचं मी काय करीन ते मला कळत नाही. वाडीचं काय करायचं ते कळतं." बायबलच्या नीतिसूत्रांतली ती मागणी, 'दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे', ती मी चर्चमधल्या मिस्सामध्ये कितीदा ऐकली होती. माणूस खरंच तसं वागतो तेव्हा बायकोला आधी रागच येतो.

वासे पुढच्या वर्षी बदलले, त्या वर्षी प्लास्टिकवर भागवलं. राजेळी केळी अजून लावतो. उन्हात वाळवलेली सुकेळी पानात बांधून द्यायला बसते तेव्हा मला त्या आकड्याची आठवण होत नाही असं नाही. होते. पण झोप लागते.

नाव देत नाही

धागा चांगला आहे, पण माझा अनुभव थोडा आंबट आहे. मी एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत विनाअनुदानित तुकडीवर शिकवत होते. सही एका रकमेवर, हातात दुसरीच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ही सेवा आहे, प्रभू पाहतो." प्रभू पाहतो याबद्दल मला शंका नव्हती. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघा, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. समाधान मी माझं मिळवलं, ते दुसऱ्यानं माझ्यावर लादायचं नाही. ती नोकरी सोडली, शिकवण्या सुरू केल्या. कमाई अजूनही बेताचीच, पण सही खरी करते.

धागाकर्ती (नगर)

वरच्या ताईंना सलाम. मीही हेच म्हणते. 'आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे' हे प्रेषित पौलाचं वचन आपण भिंतीवर लावतो, पण ते फिलिप्पै शहरातल्या मंडळीनं पाठवलेल्या मदतीची पोच देताना लिहिलंय, तेही कैदेतून. पैसे मिळाले, तुम्ही बरं केलं, असं तो तिथेच म्हणतो. हा माणूस करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. पैशाला तुच्छ लेखणारा तो नव्हे.

सातारकर

आमच्याकडे रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचं, नाव निघाल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. आजोबा हे फार कौतुकानं सांगायचे. आजी आतून म्हणायची, "हो, आणि बायको लक्ष्मीबाई होत्या म्हणून चूल पेटत होती." आजीचं मत मला जास्त पटतं. एकाच्या अपरिग्रहाचा हिशेब घरातलं दुसरं कुणीतरी जुळवत असतं. आमच्या घरात तो आजीनंच जुळवला, बटाट्याच्या सालींच्या चटणीसकट.

जुना फौजी

मिझोराममध्ये पोस्टिंग होतं तेव्हा पाहिलेलं. तिथल्या घरात बाई भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढते. मंडळीच्या बायका ते घरोघर जाऊन गोळा करतात, विकतात आणि पैसा सेवाकार्याला जातो. शंभराहून जास्त वर्षं हे चाललंय. गरिबाला द्यायला काही नसतं हे मी त्यानंतर कधी म्हटलं नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझी आई ज्वारीचं हेच करायची, तुम्ही सासुरवाडीत कधी स्वयंपाकघरात आलात का?"

पिंपरीवाली

माझं थोडक्यात. लग्न कर्ज न काढता करायचं ठरवलं. तीन रविवार मंडळीत नावं वाचली गेली, चौथ्या आठवड्यात लग्न, नंतर चर्चच्याच आवारात केक, वेफर्स, चहा. मामा रुसले. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि लोक खरंच बोलले, वर्षभर बोलले. हप्ता मात्र कुणाचा भरावा लागला नाही. टीव्हीवरचे 'बीज पेरा, दसपट घ्या'वाले प्रचारक आमच्या सासूबाई लावतात. मी उठून भांडी घासायला जाते.

जालन्याकडची

आमच्या गावच्या कापणीच्या सणाचं सांगते. उपासना झाली की वेदीपुढे आणलेल्या वस्तूंचा लिलाव असतो. बाजरी, भोपळे, कोंबडा, कुणाचा केक. शेजारच्या मावशी विधवा, निराधार योजनेचे पंधराशे रुपये आणि चार कोंबड्या यावर त्यांचं घर. त्यांनी सहा अंडी वाटीत घालून आणली होती, वर रुमाल.

लिलाव पुकारणारा आमचा तात्या म्हणजे अवली. "ही अंडी साधी नाहीत, ही उपासनेला वेळेवर आलेली अंडी आहेत!" हशा. पन्नास, ऐंशी, शंभर. नाशिकहून आलेल्या एका मुलानं तीनशेला घेतली आणि लगेच परत दिली, पुन्हा पुकारा म्हणून. दुसऱ्यानं दोनशेला घेतली, त्यानंही परत दिली. तीच सहा अंडी चार हातांतून फिरली.

मला वाटलं मावशींचा ऊर भरून आला असेल. बघितलं तर त्या चांगल्याच वैतागलेल्या. म्हणाल्या, "अगं, फुटतील ना! कुणीतरी खा की आता." शेवटी पाळकसाहेबांच्या घरी त्यांचं ऑम्लेट झालं. मावशींनी स्वतः तळलं, मिरची जास्त घातली आणि वाटी धुऊन घरी नेली.