नवा करार वाचायचा तर आधी पौलाची पत्रं, मग शुभवर्तमानं

कोथरूडकर:
नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ती भाग, मत्तयाच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या चरित्रापासून) सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या 27 पुस्तकांपैकी सर्वांत जुनं लिखाण पौलाचं, म्हणजे येशूनंतर ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळींना पत्रं लिहिणाऱ्या प्रचारकाचं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. 50 मधलं, मार्काचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक 70 च्या आसपास ठेवतात, मत्तय आणि लूक त्यानंतर. या क्रमाने गेलं की आधी येशूच्या जन्मकथेतली गव्हाणी आणि मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) लोक भेटत नाहीत, भांडणारी माणसं भेटतात. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय बघा. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसत होता; कट्टर यहुद्यांना ते चालत नसे. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्र मागे सरला, त्याच्याबरोबर पौलाचा सोबती बर्णबाही. पौलाने सगळ्यांसमोर त्याला ढोंगी ठरवलं.

हे वाचताना मला 1890 चा पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधला चहा आठवतो. त्या चहावरून रानडे-टिळकांवर ग्रामण्य (जातबहिष्काराचं प्रकरण) आलं, आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. कोणाच्या पंक्तीला बसायचं, या प्रश्नावर समाज कसा फाटतो हे पुण्याच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून त्याने गलतीकरांपासूनच सुरुवात करावी.

नाना पेठ:
मी ख्रिस्ती आहे, ही पुस्तकं लहानपणापासून देवळात ऐकत आलोय. तुमचा क्रम लिखाणाचा आहे, श्रद्धेचा नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल स्वतःच म्हणतो, मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. म्हणजे पौलाने लेखणी उचलण्याआधीच हे लोकांच्या तोंडी होतं. आणि येशू जकातदारांच्या, म्हणजे लोक पापी समजत अशांच्या, पंक्तीला जेवला, हे मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते ठाऊक नसेल तर अंत्युखियातला वाद नुसता सोवळ्याओवळ्याचा वाटेल. पौल एवढा का चिडलाय, तेच कळणार नाही.

कोथरूडकर:
परंपरा पत्रांहून जुनी, हे मान्यच. पण मग पौल त्या जेवणाचा दाखला का देत नाही? पेत्राला गप्प करायला त्याहून मोठा पुरावा कोणता होता? पूर्ण पत्रात तो नाही. उलट मार्काच्या सातव्या अध्यायात, येशू विटाळाबद्दल बोलतो तिथे, ‘असं म्हणून त्याने सगळे अन्नपदार्थ शुद्ध ठरवले’ हा शेरा निवेदकाचा आहे. मत्तयाने तोच प्रसंग सांगताना तो घेतलेला नाही. मला तर वाटतं, मार्क आधीच पेटलेल्या वादाला उत्तर देतोय. पत्रं आधी वाचली नसतील तर हा शेरा डोळ्यांखालून नुसता निघून जातो.

वानवडी:
कोथरूडकर, पंचहौदची तुलना मला पटत नाही. तिथे पाहुणे म्हणून गेलेल्यांना चहा दिला होता, नंतर प्रत्येक जण आपापल्या घरी गेला. अंत्युखियातली माणसं एका मंडळीची होती, रोज एकत्र राहायचं म्हणणारी. तुम्हाला पंक्तीच वाचायची असेल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11वा अध्याय वाचा. प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ एकत्र जेवायला) जमलेल्यांत एक जण उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो, ‘ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय?’ असं पौल विचारतो. इथे सुंता नाही, विटाळ नाही, सरळ श्रीमंत-गरिबाचा प्रश्न आहे. आपल्याकडे जात दिसली की वाचक तिथेच थांबतो आणि भुकेचा मुद्दा मागे पडतो. मला हा अध्याय गलतीकरांपेक्षा जास्त टोचतो.

नाना पेठ:
वानवडींचा मुद्दा खरा आहे, आमच्या देवळातही तो अध्याय मोठ्याने वाचायला हवा.

कोथरूडकर, मार्काचा शेरा निवेदकाचा असेल. पण बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, हे त्याआधीचं वाक्य मार्क येशूच्या तोंडी देतो. तो शेरा त्या वाक्यावर उभा आहे. आणि एक गोष्ट तुमच्या क्रमात फार अडते. अंत्युखियात पेत्र काय म्हणाला, हे गलतीकरांस पत्रात कुठेच नाही. बोलतो फक्त पौल, तोही चिडलेला. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो, आणि यरुशलेमेत ‘सुंता न झालेल्यांबरोबर जेवलास’ म्हणून त्याला जाब विचारला जातो. 11व्या अध्यायात तो उत्तर देतो. ते पुस्तक नंतर लिहिलं असेल, पण पेत्राची बाजू तिथेच आहे. ती वाचल्याशिवाय मी तरी त्याला ढोंगी म्हणणार नाही.