बिनवासाचा वेल दारात लावायचा कशाला? (हनीसकल, न्यू जर्सी)

एडिसनकर: आमच्या कुंपणावर आधीच्या मालकाने लावलेला जपानी हनीसकल आहे, सध्या फुललाय, पांढरी फुलं हळूहळू पिवळी होतात आणि संध्याकाळी वास असा सुटतो की आई म्हणाली अगदी आपल्या जुईसारखा. आता शेजारीण मागे लागलीये की तो उपटा, इथला देशी कोरल हनीसकल लावा. नर्सरीत बघून आलो. लाल नळीसारखी फुलं, आतून पिवळी, दिसायला झकास, पण नाक लावलं तर काहीच नाही! अळणी आमटी. मी तर म्हणतो आहे तो राहू दे.

रॅलेची काकू: अहो तो कुंपणावर थांबणार आहे का? 1806 मध्ये लाँग आयलंडवर शोभेसाठी आणला, आता रानंच्या रानं झाकलीयेत त्याने. आमच्या डॉगवुडच्या झाडाला असा पीळ घातला होता की वेल कापला तरी खोडावर वळ तसाच राहिला. काळी फळं पक्षी खातात, बी लांब जाऊन पडतं.

बाल्कनीवाला: देशी-परदेशी काय लावलंय, आपण तरी कुठले इथले? कढीपत्ता उपटू का मग?

रॅलेची काकू: कढीपत्ता थंडी पडली की कुंडीसकट घरात येतो, रानात नाही शिरत!

मॅग्नोलिया७: वासाचं म्हणाल तर जपानीचा वास रात्रीच्या पतंगांना बोलवायला असतो, कोरलची फुलं हमिंगबर्ड पक्ष्यासाठी, त्याला लाल रंग पुरतो. आपल्याकडे शिंजीर कशी फुलात चोच घालते, तसंच, फक्त हा हवेत उभा राहून पितो. माझ्याकडे एप्रिलअखेर येतो.

बाल्कनीवाला: आणि वेलावर मावा कीड, भुरी रोग? ते कोण सांगणार?

मॅग्नोलिया७: येतात की. सावलीत लावलात तर भुरी हमखास. ऊन द्या, छाटणी फुलं संपल्यावर करा, कारण फुलं बरीचशी जुन्या फांदीवर येतात. आणि विकत घेताना फुलाखालची पानांची शेवटची जोडी बघा, देठाभोवती एकमेकांना चिकटून वाटी झालेली असते. जपानीत ती सुटीच.

एडिसनकर: बरं, अर्धं पटलं. पण आई ऑगस्टपर्यंत आहे, रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिथेच बसते. ती गेली की काढतो.

रॅलेची काकू: चालेल, फळं पिकायच्या आत काढा म्हणजे झालं. आणि मुळासकट हं, नाहीतर परत फुटतो.