कंबर दोऱ्याएवढी, तोंडात मातीची गोळी: ही कोणती माशी?

प्रश्न:
खिडकीशी एक काळी-पिवळी माशी अगदी चेहऱ्याजवळ येऊन घोंघावते. लांबी इंचभर, पाय पिवळे, कंबर दोऱ्याएवढी बारीक. चौकटीच्या कोपऱ्यात मातीच्या तीन नळ्या एकमेकींना चिकटून आहेत. घरात लहान मूल आहे. डसते का? फवारा मारावा का?

प्रतिसाद १:
ही कुंभारीण. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण एकटी राहणारी. चेहऱ्याजवळ येते तेव्हा अंगावर येत नसते, तिच्या घराच्या वाटेत तुम्ही उभे असता. नांगी आहे, पण ती कोळ्यांसाठी. वसाहतच नसल्याने घर राखायला धावून येत नाही. मुठीत धरली किंवा कपड्यात अडकली तरच डसते. फवारा नको. हात न झटकता दोन पावलं मागे सरा.

प्रतिसाद २:
आधी घर नीट बघा. मातीऐवजी राखाडी, कागदासारखं, खाली उघड्या षटकोनी कप्प्यांचं पोळं असेल आणि त्यावर चार-पाच माश्या बसलेल्या असतील, तर ती कुंभारीण नव्हे. त्या पोळ्याला धक्का लागला की सगळ्या उठतात. मुलाला तिकडे फिरकू देऊ नका.

प्रश्नकर्ता:
मातीच आहे. दोन नळ्या बंद, एकीला गोल भोक. आत काय असतं?

प्रतिसाद १:
बंद नळीत कोळी, डंख मारून लुळे केलेले. मारून ठेवले असते तर अळी खाईपर्यंत सडले असते. त्यातल्या एकावर अंडं घालून ती तोंड लिंपते. अळी कोळी खाते, कोष विणते आणि पुढे नवी माशी माती कुरतडून बाहेर येते. ते गोल भोक. हिचीच एक भाऊबंद छोट्या मडक्यासारखं घर करते आणि त्यात अळ्या भरते. आत अळी गेली, बाहेर माशी आली, असं दिसल्यावर, कोंडलेला किडा भृंगाच्या म्हणजे या माशीच्या ध्यासाने स्वतःच भृंग होतो हा जुना दृष्टान्त सुचणं किती स्वाभाविक! खरं तर ती अळी शिदोरी होती.

प्रतिसाद ३:
बंद नळ्या अडचणीच्या नसतील तर राहू द्या. काढायच्याच असतील तर माती भिजवून दहा मिनिटं मुरू द्या, मग पत्र्याच्या पट्टीने खरवडा. कोरडी खरवडली तर रंगाचा पोपडा निघतो. भोक पडलेली नळी रिकामीच असेल असं धरू नका, दुसरे कीटक तिथे बिऱ्हाड करतात. हातमोजे घाला.

खरी काळजी घ्यायची ती मातीच्या नव्हे, घरातल्या पाइपांची. गॅस गीझरची धूर जायची नळी, एसीच्या पाण्याचा पाइप, न वापरलेली भोकं कुंभारणीला घरासाठी आयतीच मिळतात. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळून १८९ जण गेले. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजली होती आणि तपासात संशय अशाच माशीच्या घरट्यावर गेला. पाण्याच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावा. धुराच्या नळीला मात्र स्वतः जाळी ठोकू नका, काजळीने तीच तुंबते. गीझर बरेच दिवस बंद असेल तर सुरू करण्याआधी तंत्रज्ञाकडून नळी तपासून घ्या.

प्रतिसाद २:
डसलीच तर जागा धुऊन थंड पाण्याची घडी ठेवा. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या.