शोषलेला फोटॉन अणूच्या आत जाऊन बसतो का?

चांदणवेल:
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल प्रॅक्टिकलला सोडियम लॅम्पसमोर बर्नर ठेवून ज्योतीत मीठ टाकलं. एरवी पिवळीधमक दिसणारी ती ज्योत लॅम्पच्या उजेडात चक्क काळपट दिसली, मागच्या पांढऱ्या कागदावर तिची सावलीही पडली. मॅडम म्हणाल्या, ज्योतीतले सोडियमचे अणू फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषतात. मग तो फोटॉन जातो कुठे? इलेक्ट्रॉनला चिकटून राहतो आणि तोच परत बाहेर पडतो का? ऊर्जा नष्ट होत नाही, मग फोटॉन कसा नष्ट होईल?

सह्यकडा:
तबल्यावर थाप पडली की नाद निघतो. तो आधीपासून तबल्यात भरून ठेवलेला नसतो. तसंच आहे हे.

प्रयोगवही:
चांदणवेल, मी वर्षानुवर्षं ऑप्टिक्सची लॅब सांभाळली आणि हा प्रयोग मला फार प्रिय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

टिकते ती ऊर्जा. संवेग टिकतो, कोनीय संवेगही टिकतो. फोटॉनची संख्या टिकलीच पाहिजे असा नियम मात्र निसर्गात नाही. सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा साधारण २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक). तो शोषला गेला की अणूची ऊर्जा तेवढी वाढते आणि फोटॉन उरतच नाही. बाहेरचा इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या ३एस अवस्थेतून जास्त ऊर्जेच्या ३पी अवस्थेत गेलेला असतो, इतकंच. फोटॉनचा संवेगही अणूलाच मिळतो, त्यामुळे अणूचा वेग सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटरने बदलतो. भौतिकशास्त्रज्ञ ऑटो फ्रिश यांनी १९३३ मध्ये सोडियमच्या अणूंच्या झोतावर सोडियमचाच प्रकाश टाकून हा धक्का दाखवला होता. किती नाजूक काम असेल ते!

पुढे सरासरी १६ नॅनोसेकंदांत अणू खाली येतो आणि नवा फोटॉन जन्मतो, वाटेल त्या दिशेला. लॅम्पकडून सरळ तुझ्या डोळ्यांकडे येणारा प्रकाश असा चहूकडे पांगतो, म्हणून ज्योत काळपट. शिवाय ज्योतीतले बरेच उत्तेजित अणू नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात आणि ऊर्जा उष्णतेत देऊन मोकळे होतात. तिथे एक फोटॉन गेला आणि बदल्यात एकही निघाला नाही.

मर्क्युरी लॅम्पसमोर तीच ज्योत धरून बघ, सावली पडणार नाही. पाऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशाचे ठरावीक रंग, सोडियमच्या अणूला चालत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ यांनी १८५९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला सूर्यकिरणांच्या वाटेत मिठाची ज्योत ठेवली, तेव्हा सूर्याच्या वर्णपटातल्या, त्याच ५८९ नॅनोमीटरजवळच्या काळ्या डी-रेषा आणखी गडद झाल्या. त्यावरून त्यांनी सूर्यावर सोडियम असल्याचं ओळखलं.

चांदणवेल:
ताई, खूप आभार! पण बाहेर पडणाऱ्याचा रंग तर तोच असतो. मग तो नवा आहे हे कशावरून?

प्रयोगवही:
सोडियममध्ये रंग तोच राहतो, म्हणून शंका येते. जुन्या पद्धतीची, एलईडी नसलेली ट्यूबलाइट घे. आत पाऱ्याचे अणू २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात, म्हणजे जवळपास ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे फोटॉन. काचेवरची पांढरी भुकटी ते शोषते आणि हिरवा, लाल असा दिसणारा प्रकाश देते. हिरव्याची ऊर्जा २.३च्या आसपास, बाकीची उष्णतेत जाते. आत गेलेला आणि बाहेर आलेला एकच कसा असेल?

तबल्याची उपमा छान आहे, पण नाद हवा तितका हळू काढता येतो. इथे अर्धा फोटॉन कधीच निघत नाही.

आणि तुझी शंका मोठ्या माणसांनाही पडली होती. फोटॉन हे नाव १९२६ मध्ये रूढ केलं ते रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी, आणि त्यांच्या मते तो निर्माणही होत नव्हता, नष्टही होत नव्हता! नाव टिकलं, ती कल्पना टिकली नाही. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी प्रकाशाच्या क्षेत्रालाच पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) बसवलं. त्या गणितात शोषण म्हणजे फोटॉनची संख्या एकाने कमी होणं, उत्सर्जन म्हणजे एकाने वाढणं. वर लिहिलेले ते १६ नॅनोसेकंदही त्याच गणिताने काढता येतात.