मदत हवी आहे: पॉलिसी रिकामी दिसते, तरी फाइल अडवली जाते

मंडळी, दोन दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय. विंडोज १० प्रो, माझा स्वतःचा कॉम्प्युटर, कुठल्याही डोमेनला (ऑफिसच्या एकत्र नियंत्रणाखालच्या नेटवर्कला) जोडलेला नाही. एका प्रोग्रॅमचं अपडेट चालवलं की खिडकी येते: ग्रुप पॉलिसीने हा प्रोग्रॅम अडवलाय, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच, संपर्क कुणाशी साधू?

गंमत म्हणजे तीच फाइल उचलून सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवली की निमूट चालते. अ‍ॅपडेटामध्ये (युजरच्या फोल्डरमधलं, प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतात ते फोल्डर) परत नेली की पुन्हा नकार. अँटिव्हायरसही बंद करून पाहिला (लगेच चालूही केला, ओरडू नका).

लोकल सिक्युरिटी पॉलिसीत सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीजखाली (कुठला प्रोग्रॅम चालू द्यायचा, कुठला अडवायचा याचे नियम इथे असतात) काहीच नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये मात्र दर वेळी ८६६ नंबरची नोंद पडते, सोबत महिरपी कंसातला लांबलचक क्रमांक. नियमच नाही तर हा क्रमांक कुणाचा?

प्रतिसाद १
८६६ म्हणजे पाथ रूल, फाइल कुठल्या पाथवर (फोल्डरात) आहे ते बघून अडवणारा नियम. ८६५ असता तर डिफॉल्ट लेव्हलच डिसअलाउड, म्हणजे मुळातच सगळं अडवलेलं आहे म्हटलं असतं. पूर्वी रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम) रोखणारं एखादं टूल टाकलं होतंत का? काही टूल्स नियम थेट रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लिहितात, ते त्या खिडकीत दिसत नाहीत.

रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, सेफर, कोडआयडेंटिफायर्स असं उतरत जा. तिथे ० म्हणजे अडवलेले, २६२१४४ म्हणजे मोकळे. ० खालच्या पाथ्समध्ये तुमचा तोच क्रमांक सापडेल, त्याच्या आयटमडेटा नावाच्या नोंदीत पाथ असेल. काही करण्याआधी ते एक्सपोर्ट करून (प्रत काढून) ठेवा. आणि सरसकट उडवू नका हो. अ‍ॅपडेटात लिहायला अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत, म्हणून नको त्या फाइली तिथेच येऊन बसतात.

धागाकर्ता
सापडला! आयटमडेटात अ‍ॅपडेटाचा पाथ, पुढे तारा (*) आणि डॉट एक्झी (.exe), म्हणजे तिथली कुठलीही एक्झी फाइल. टूल मी कधीचंच काढून टाकलंय. जाताना नियम ठेवून गेलं. नियमाला हात लावला नाही. प्रोग्रॅमच काढून सगळ्या युजर्ससाठी म्हणून प्रोग्रॅम फाइल्समध्ये नव्याने टाकला, अपडेटही झालं.

शेजारी असेच आणखी डझनभर नियम पडलेत. एक टेम्पमधल्या (तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधल्या) झिपचा आहे, आणि झिपमधून थेट चालवलेली फाइल आधी तिथेच उघडते. झिपमधून थेट सेटअप का चालत नव्हता ते आत्ता कळलं, मी उगाच झिपलाच शिव्या घालत होतो.