डेव्हलपर बदलून पानं पांढरी होणार नाहीत

तुम्ही इन्फ्रारेड फोटोंसाठी, ज्यात हिरवी पानं पांढरी दिसतात, एसएफएक्स २०० फिल्म घालून, लेन्सला आर७२ इन्फ्रारेड फिल्टर लावून राणीच्या बागेत रोल काढलात, पानं करडीच आली आणि आता फिल्म धुवायला डी-७६ डेव्हलपर सोडून रोडिनल घेऊ का विचारताय. अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! एसएफएक्स साधारण ७४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडापर्यंतच बघते आणि आर७२ जवळपास ७२० च्या खालचं सगळं अडवतो, म्हणजे उरतं काय तर चिंचोळी फट, त्यात एक्स्पोजर जरा कमी पडलं की संपलंच. रोलाय इन्फ्रारेड ४०० फिल्म घेऊन बघा, ती ८२० पर्यंत जाते. पण फिल्टरसकट आयएसओ (फिल्मचा वेग) १२ किंवा ६ धरा, ट्रायपॉड लावा, मीटरिंग, म्हणजे उजेड मोजणं, फिल्टर काढून करा कारण मीटरला फिल्टरमागचं धड कळत नाही, आणि फोकस झाला की तो लेन्सवरच्या इन्फ्रारेडसाठीच्या लाल खुणेवर सरकवायला विसरू नका. ऊन मात्र कडक हवं, जून-जुलैच्या ढगांत नका वाया घालवू रोल.

आणि ती कोडॅकच्या जुन्या एचआयई इन्फ्रारेड फिल्मची धुरकट चमक शोधत असाल तर ती मिळणार नाही, त्या फिल्मला मागून परतणारा उजेड शोषणारा अँटी-हॅलेशन थरच नव्हता म्हणून उजेड पसरायचा, कोडॅकने ती २००७ मध्ये बंद केली.

डेव्हलपर माझ्या मते डी-७६ च बरा, १+१, म्हणजे जितका डेव्हलपर तितकंच पाणी. रोडिनलने ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, अजून टोचतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट येतं, तेव्हा टबात बर्फ टाकून केमिकल २० अंशांवर आणा, फिक्सरसुद्धा, नाहीतर टायमिंगच्या चार्टला काही अर्थ नाही.